आधी उजवीकडे हूल

दौलू डावीकडे वळायला गेला आणि उजवीकडे पडला.

उठला, अंगावरची माती झटकली, पुन्हा मोटरसायकलवर बसला. या खेपेला उजवीकडे वळायला गेला आणि पडला डावीकडे! तोही असातसा नाही. गवतात लोळत, कोलांट्या खात गेला आणि कुंपणाला टेकून दोन्ही पाय वर करून थांबला.

"एक शंका आहे," कुंपणाकडून आवाज आला. "मी नक्की चुकलो कुठे?"

ट्रॅकच्या कडेला सायकल घेऊन उभी असलेली चैत्राली पोवार हसू दाबता दाबता बेजार झाली. पण वैजूआत्याचा चेहरा दिसला, आणि तिचं हसू घशातच राहिलं.

दौलू हा यंत्रमानव (माणसासारखी कामं करणारं आणि स्वतः शिकणारं यंत्र) होता. कोल्हापूरबाहेरच्या माळावरच्या या चाचणीच्या ट्रॅकवर चैत्रालीच्या आत्यानं, वैजयंतानं, त्याला घडवलं होतं. कशासाठी? तर मोटरसायकल चालवायला! तुम्ही म्हणाल, हे काय खूळ? आता तर औषधं ड्रोननं येतात, दूधसुद्धा ड्रोननं येतं. शहरात येतं हो. पण गगनबावड्याकडच्या डोंगरात एकदा धुकं उतरलं की ड्रोन आंधळे होतात, आणि चारचाकी जाईल असे रस्ते वाड्यावस्त्यांवर नाहीत. तिथं कुणाला साप चावला तर प्रतिविष (सापाचं विष उतरवणारं औषध) पोचवायचं कुणी? पायवाटेवरून, धुक्यातून, न दमता जाणारा दौलू पोचवेल, असं आत्याचं स्वप्न होतं.

आणि आज दुपारी डोंगरातल्या दवाखान्यांतर्फे डॉक्टर सबनीसबाई परीक्षा घ्यायला येणार होत्या. दौलू वळणावर पडला तर त्याच्या गाडीला आणखी दोन चाकं लागणार, लहान बाळांच्या सायकलीला असतात तशी. चार चाकं लागली की पायवाट बंद. पायवाट बंद म्हणजे दौलूचं कामच बंद.

"हळू जातो तेव्हा वळतो की गं हा," आत्या कपाळ चोळत म्हणाली. "चालण्याच्या वेगात झकास. वेग वाढवला की लोळण."

"मग काय सांगितलंय त्याला?" चैत्रालीनं विचारलं.

"जे खरं आहे तेच. डावीकडे जायचं तर हँडल डावीकडे. आमच्या प्रत्येक चालकाला विचारलं मी. सगळ्यांचं एकच उत्तर."

"पंचवीस वर्षं झाली गाडी चालवतोय मी," जमीरकाका म्हणाले. जमीरकाका म्हणजे या ट्रॅकवरचे सर्वांत जुने चालक. त्यांच्या उजव्या खांद्यात धातूची पट्टी होती आणि ती कशी बसली याची गोष्ट ते कुणी न विचारताही सांगत. "एकदाच पडलो. तेबी माझी चूक न्हाई. म्हैस!"

"झालं सुरू," आत्या पुटपुटली.

"अगं, उजव्या बाजूनं म्हैस रस्त्यात आली. मी घाबरून हँडल डावीकडं खेचलं. तर ही बया माझ्याच अंगावर! गाडी सरळ तिच्या पोटात. लई बेरकी म्हैस होती ती."

चैत्रालीनं ही गोष्ट इतक्यांदा ऐकली होती की म्हशीचा रंगसुद्धा तिला पाठ होता.

या ट्रॅकवर गाडी एकच होती. माणूस गाडीवर असला की दौलू शेडमध्ये दुरुस्तीला, आणि दौलू गाडीवर असला की माणसं कडेला. त्यामुळे एक गंमत झाली होती. दौलूला सगळं तोंडी शिकवलं होतं, पण गाडी वळवणारा माणूस त्यानं आजवर एकदाही पाहिला नव्हता! आज मात्र आत्या त्याचं निखळलेलं कोपर बसवत होती आणि तो झाडाखाली स्टुलावर बसून होता.

"चैत्रालीताई," दौलू म्हणाला, "तुम्ही सायकलवर वळता का?"

"वळते का म्हणजे? शाळेच्या खो-खो संघाची कॅप्टन आहे मी! हे बघ." आणि ती सुसाट निघाली. माळावरचा वारा कानात भरला. झाडाजवळ तिनं सायकल डावीकडे घातली. काय मस्त कलली सायकल! पोटात गोड गोळा आला. याच गोळ्यासाठी तर ती आत्याच्या मागे लागायची, मला मोटरसायकलवर बसव, जोरात ने म्हणून.

"तुम्ही आत्ता हँडल उजवीकडे फिरवलंत," दौलू म्हणाला.

"छट्! डावीकडे वळले ना मी?"

"वळलात डावीकडे. पण आधी फिरवलंत उजवीकडे. अगदी थोडं."

"तुझे डोळे तपासून घे आत्याकडून."

"तपासलेत. उत्तम आहेत."

आता आली का पंचाईत! चैत्रालीला हरायला आवडायचं नाही, आणि यंत्राकडून तर मुळीच नाही. तिनं सायकलच्या कॅरिअरवरची पिशवी सोडली. पिशवीत फक्की होती. फक्की म्हणजे खो-खोचं मैदान आखायची पांढरी पूड. सकाळच्या सरावाहून ती तशीच आली होती. वळणाच्या जागी तिनं भरपूर फक्की पसरली. "आता चाकच सांगेल कोण खरं ते," असं म्हणून ती पुन्हा सुसाट आली, वळली, उतरली आणि धावत जाऊन वाकली.

फक्कीत पुढच्या चाकाची रेघ उमटली होती. सरळ आली होती. मग बोटभर उजवीकडे सरकली होती. आणि मगच झोकात डावीकडे गेली होती.

"आँ?" चैत्राली म्हणाली.

आत्या पाना हातात घेऊनच धावत आली. तिनं रेघ पाहिली. हेल्मेट, जाड जाकीट, हातमोजे चढवले, जमीरकाकांना नवी फक्की पसरायला लावली आणि मोटरसायकल काढली. विजेवरची गाडी, तिला धडधड नाही, नुसती वाऱ्याची शीळ! वळणावर आत्या अशी कलली की गुडघ्याला गवत लागतंय की काय असं वाटलं. चैत्रालीनं तोंडात बोटं घालून शिट्टी मारली.

रेघ तीच. आधी उजवीकडे, मग डावीकडे.

"पण मी असं करत नाही!" आत्या हेल्मेट काढत ओरडली.

"करता," दौलू शांतपणे म्हणाला. "फक्त सांगत नाही."

तिन्ही माणसं त्या रेघेपाशी उकिडवी बसली. डॉक्टरबाई यायला फार वेळ उरला नव्हता. असं का होतं ते कळल्याशिवाय आत्या दौलूला काही शिकवणार नव्हती. तिची शिस्तच तशी. कारण माहीत नसलेली गोष्ट यंत्रात घालायची नाही.

चैत्रालीला ती वाकडी रेघ कुठंतरी पाहिल्यासारखी वाटत होती. कुठं बरं? ती उठून उभी राहिली. हातावरची फक्की झटकली. आणि एकदम किंचाळली, "हूल!"

"काय?"

"हूल गं आत्या! खो-खोत मागे कुणी लागलं आणि मला डावीकडे पळायचं असलं तर मी काय करते? हे बघ." ती धावत आली, उजवा पाय बाहेर उजवीकडे रोवला, आणि सपकन डावीकडे निसटली. "पाय उजवीकडे जातो, म्हणून अंग डावीकडे पडतं. आणि पडता पडता मी पळते! सायकल पण हूलच देते!"

आत्यानं चैत्रालीला गच्च मिठी मारली, फक्कीसकट.

"बरोब्बर! ऐक दौलू. वळायचं म्हणजे आधी त्या बाजूला कलायचं. का? गाडी वळताना वरचं अंग जडत्वामुळे (आहे त्याच दिशेनं जात राहायची प्रत्येक वस्तूची खोड) बाहेर फेकलं जातं. आधीच आत कललेलं असलं तरच तोल सावरतो. आता कलायचं कसं? रस्त्यावर धरायला काही नाही. मग चाकच अंगाखालून दुसऱ्या बाजूला काढायचं. चाक उजवीकडे गेलं की गुरुत्वमध्य (सगळं वजन जिथं एकवटलंय असं मानतात ती जागा) डावीकडे राहतो, गाडी डावीकडे कलते. आणि एकदा कलली की पुढचं चाक आपणहून डावीकडे येतं. आम्हांला फक्त हा शेवटचा भाग आठवतो. म्हणून सगळे म्हणतात, हँडल डावीकडे!"

"आणि मी कलण्याआधीच डावीकडे फिरवत होतो," दौलू म्हणाला. "चाकं डावीकडे गेली, मी उजवीकडे राहिलो. बरोबर. मग हळू जाताना का पडलो नाही?"

"तू सांग."

दौलूच्या कपाळावरचा दिवा लुकलुकला. "तेच वळण दुप्पट वेगानं घेतलं तर बाहेर फेकणारा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. तिप्पट वेगाला नऊपट. हळू जाताना तो इतका थोडा होता की मी सावरून घेत होतो."

"म्हणूनच वेग मजेचा आणि म्हणूनच धोक्याचा," आत्या म्हणाली. "चूक तेवढीच राहते, शिक्षा वाढत जाते."

जमीरकाकांचा हात उजव्या खांद्यावर गेला होता. "म्हणजे बघ," ते सावकाश म्हणाले, "म्हैस उजवीकडं. मी घाबरून हँडल डावीकडं खेचलं. म्हणजे गाडी कलली..."

"उजवीकडे," चैत्राली म्हणाली.

"म्हशीकडंच!" काकांनी कपाळावर हात मारला. "आणि मी पंधरा वर्षं त्या बिचारीला शिव्या घालतोय! रोज वळताना हात बरोबर करत होते, आणि घाबरल्यावर डोकं मधी पडलं."

सबनीसबाई आल्या तेव्हा ट्रॅकवर पुठ्ठ्याची एक म्हैस तयार होती. कल्पना अर्थातच काकांची. शिंगं जरा हरणासारखी झाली होती, पण असो. दोरी ओढली की म्हैस रस्त्यात येणार होती. केव्हा ओढायची ते बाई ठरवणार होत्या.

दौलू निघाला. पहिलं वळण आलं. दौलूनं डावी मूठ हलकेच पुढे ढकलली, चाक बोटभर उजवीकडे गेलं आणि गाडी डावीकडे अशी अलगद कलली की जणू कुणी उशीवर मान टेकावी. पडला नाही! पुढचं वळण उजवीकडचं. तिथंही नाही! सरळ रस्त्यावर त्यानं वेग घेतला आणि बाईंनी दोरी ओढली.

म्हैस उजवीकडून आली. जमीरकाकांनी डोळे मिटले.

हँडल क्षणभर म्हशीच्याच बाजूला वळलं. बाई "अहो!" म्हणून ओरडल्या. आणि गाडी सपकन डावीकडून निसटली. म्हशीचा पुठ्ठ्याचा कान तेवढा वाऱ्यानं हलला.

"वाचली!" काका ओरडले. ते दौलूबद्दल बोलत होते की म्हशीबद्दल, कुणास ठाऊक.

बाई हसल्या. "छान. याहून जोरात जाता येईल का रे तुला? औषध लवकर पोचेल."

"येईल," दौलू म्हणाला. "पण जाणार नाही. धुक्यात मला जेवढा रस्ता दिसेल तेवढ्यात थांबता आलं पाहिजे. प्रत्येक म्हशीला हूल देता येईलच असं नाही. पडलो तर औषध पोचणारच नाही."

बाईंनी आत्याचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "दोनच चाकं राहू देत."

संध्याकाळी आत्यानं चैत्रालीला हेल्मेट घातलं, पट्टा दोनदा ओढून पाहिला आणि मागे बसवलं. फार जोरात नाही, पण वळणावर गाडी कलली, जमीन जवळ आली, आभाळ तिरकं झालं, आणि पोटातला तो गोड गोळा आला. चैत्राली खिदळत उतरली.

दौलू वाट बघत उभा होता. "एक शंका आहे. चैत्रालीताई, तुम्हांला ही हूल कुणी शिकवली?"

"कुणीच नाही. सायकल शिकताना पडले, धडपडले, आली आपोआप."

"म्हणजे हातांना ठाऊक होतं आणि तुम्हांला नव्हतं." दौलूच्या कपाळावरचा दिवा लुकलुकायला लागला. "मग हातांना आणखी काय काय ठाऊक असेल?"

चैत्रालीनं आपले हात पुढे धरले. बोटांवर अजून फक्की होती. उलटेसुलटे करून तिनं ते पाहिले, जणू आजच कुणीतरी नवे कोरे दिले होते.

"उद्या येते," ती म्हणाली. "येताना चेंडू आणते. झेलताना माझे हात काय करतात ते तू बघ!"