ढोलीतली हाक

माझी नात सात महिन्यांतच जन्मली. काचेच्या पेटीत ती मुठीएवढी दिसायची. तिला एकच खोड होती. झोप लागली, की ती श्वास घ्यायचं विसरायची. मग यंत्र ओरडायचं, सिस्टर तळपायाला टिचकी मारायच्या आणि बाईसाहेब पुन्हा सुरू व्हायच्या. कमी दिवसांच्या बाळांचं असं होतं, हे डॉक्टरांनी समजावलं होतं. समजलं सगळं, तरी मी पेटीसमोरून हललो नाही.

"आजोबा, नुसते बघत बसू नका," सिस्टर म्हणाल्या. "हाक मारत राहा. ओळखीचा आवाज लागतो हो त्यांना."

"हाक काय मारू? अजून नावच नाही."

"बाबा, खबरदार!" खुर्चीतून लेक म्हणाली. "नाव आम्ही दोघं भांडून ठरवणार. तुम्ही मध्येच काहीतरी चिकटवाल."

खिडकीबाहेरच्या जुन्या झाडाच्या ढोलीत पोपटांची जोडी होती. मी आयुष्यभर मुलांना पशुपक्षी शिकवले. काही जातींचे पोपट पिल्लांना ढोलीतच एकेक वेगळी हाक देतात, म्हणजे नावच, असं सांगितलं की वर्ग खूश व्हायचा. दुसऱ्याची अंडी ढोलीत ठेवली, तरी पिल्लू वाढवणाऱ्यांचीच हाक उचलतं. ती रक्तातून येत नाही. "सर, मग आडनाव कुणाचं?" असं एकीनं विचारलं होतं.

ही जोडी दिवसभर एकच शीळ घालायची. दोन चढे सूर, मग एक तुटका. लेकीचा हुकूम मोडायचा नव्हता, म्हणून पेटीच्या गोल झरोक्याशी वाकून मी तीच शीळ हळूच घातली.

"इथे शिट्ट्या?" सिस्टरांनी डोळे वटारले.

तेवढ्यात यंत्र ओरडलं. बाळाचे ओठ निळसर झाले. घाबरून मी पुन्हा तीच शीळ घातली.

तिनं श्वास घेतला.

टिचकीसाठी उचललेला सिस्टरांचा हात तसाच राहिला. "घाला," त्या म्हणाल्या. "घालत राहा."

मी योगायोग म्हटलं. पण एका दुपारी चहा पिऊन परतलो, तर सिस्टर दारातच उभ्या.

"तुम्ही आत्ता आत नव्हतात?"

"नाही. का?"

"शीळ आली. यंत्र वाजायच्या आधी." त्यांनी बंद खिडकीकडे पाहिलं. "आणि तिनं श्वास घेतला."

मी खाली जाऊन माळ्याला गाठलं. तो शिडी लावून सुकलेल्या फांद्या छाटत होता.

"पिल्लं किती आहेत हो ढोलीत?"

"पिल्लं कुठली, काका? आत्ताच डोकावलो. एक पीस नाही, टरफल नाही."

वर फांदीवर पोपटांची ती जोडी रिकाम्या ढोलीकडे पाठ करून, वॉर्डच्या खिडकीकडे तोंड करून बसली होती.

बाळ घरी आलं. घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, तिथे झाड नव्हतं, यंत्रही नव्हतं. आम्ही पाळीपाळीनं तिच्या छातीकडे बघत बसायचो. दुसऱ्या सकाळी खिडकीच्या गजांवर दोन पोपट बसलेले दिसले. जावई हाकलायला धावला.

"राहू देत," मी म्हणालो.

पुढच्या तपासणीत डॉक्टर हसले. "आता ही विसरणार नाही. निर्धास्त झोपा." लेक तिथेच रडली. जावयानं भांडण सोडून तिनं सुचवलेलं नाव मान्य केलं. मी तर इतका घोरलो म्हणे, की बाळ जागं झालं.

आता ती चांगली गुटगुटीत आहे. काल दुपारी तिला मांडीवर घेऊन बसलो होतो. ऊन पायांवर आलं होतं, मला गुंगी आली. छान हलकं वाटत होतं.

शीळ ऐकू आली.

ती दोन चढ्या सुरांची, तिची नव्हती. एकच लांब, उतरता सूर. मी कधीच न ऐकलेला.

पुन्हा आली.

मी डोळे उघडले. बाळ खिडकीकडे पाहत नव्हतं. माझ्याकडे पाहत होतं.

मी खोल श्वास घेतला. तोवर मी तो घेत नव्हतो.