पिंपळढवचा खुंटा

नवसारंग शहर वर्षागणिक फुगत होतं आणि तेवढेच कारखाने असलेलं शेजारचं भानूर होतं तिथेच. का? लोक म्हणायचे नोकऱ्या, पाणी, नशीब. नवसारंगमध्येच नोकरीला असलेल्या शलाका ठोंबरे या शास्त्रज्ञ बाईने हे सगळं मोडीत काढलं. माणूस शहराकडे जात नाही, ओळखीच्या माणसामागे जातो, हे तिने गणिताने दाखवलं. प्रत्येक गावात असं एखादंच माणूस असतं, ज्याच्याभोवती बाकीची घरं बांधलेली असतात. त्याला तिने नाव दिलं खुंटा. खुंटा उपटला की गाव मागोमाग येतं. झालं! नवसारंगच्या कारभाऱ्यांनी गावोगावचे खुंटे हुडकले आणि त्यांना फुकट घरं, फुकट उपचार द्यायला सुरुवात केली. भानूरला हे सुचलंच नाही.

पिंपळढव हे शलाकाचं स्वतःचं गाव; तिथला खुंटा सरपंच असेल असं तिला वाटलं होतं. निघाली तिचीच आई, चंद्रकलाबाई. उन्हाळ्यात आज कुणाकडे पापड लाटायचे ते तीच ठरवायची, आणि भांडलेल्या जावांना मुद्दाम शेजारीशेजारी बसवायची. त्यात तिची मूत्रपिंडं निकामी झालेली. नवसारंगहून उपचाराचं बोलावणं आलं, तेव्हा ते कशासाठी आहे हे शलाकाला पक्कं ठाऊक होतं. तरी ती आईला घेऊन आली. काय करणार होती बिचारी?

प्रयोगशाळेत वाढवलेलं मूत्रपिंड बसलं. चैत्रात आई खडखडीत बरी झाली आणि पिशवी भरून तयार.

"चल गं, सोड मला गावी. पापडाचं पीठ कुटायचंय. सिंधू एकटी काय काय बघेल?"

"आई, सिंधूकाकू इथेच आल्यात. सगळेच आलेत. गावात आता कुणी नाही."

"अगंबाई! रोग आला की काय?"

शलाकाने सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे तुला आधीच माहीत होतं," आई म्हणाली. "मला एका शब्दाने विचारायचंस तरी."

"विचारलं असतं तर तू आली नसतीस. मेली असतीस गं!" शलाका रडायला लागली. आईने तिला जवळ घेतलं. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

थोड्या वेळाने आईचा चेहरा उजळला. "अगं, मग मी परत गेले तर येतील की सगळे मागे!"

ते गणितही शलाकाने केलं होतं. इथे जो तो आपापल्या कामाला, आपापल्या मजल्यावर. कुणीच कुणाला बांधलेलं नव्हतं.

"एकच माणूस येईल, आई."

"कोण गं?"

"मी."

आईने पिशवीतलं लाटणं काढून स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवलं.

"मग राहू दे," ती म्हणाली. "तुझी नोकरी आहे इथे."