बिबट्याने वर पाहिलं

पटो न पटो, हे घडलेलं आहे. माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत. तिने सांगितलं तसंच सांगतो... पदरचं काही घालत नाही.

मंगळवार होता. सकाळचे साडेसहा. शहराबाहेरच्या नव्या वसाहतीतलं शेवटचं घर. मागे छोटं अंगण, मग कुंपण, पलीकडे नुसती झाडी.

काकांना जाऊन पाच आठवडे झाले होते. मावशी एकदाही रडली नव्हती. इस्पितळात जायचं, लोकांचे एक्स-रे काढायचे, घरी येऊन पडायचं. "आतून सगळं बधिर झालंय गं," असं आईला म्हणायची.

त्या दिवशी ड्युटीला जायच्या आधी ती कपडे वाळत घालायला मागे गेली.

एकही पक्षी ओरडत नव्हता.

शेजारचा कुत्राही गप्प...

ओली चादर दोरीवर टाकून तिने जरा बाजूला सारली... आणि समोर बिबट्या.

दहा पावलांवर. पोट जमिनीला टेकलेलं. शेपटीचं टोक तेवढं हलत होतं.

मावशी पळाली नाही. घाबरलीसुद्धा नाही.

"आता हा झेप घेणार, एवढंच मनात आलं. म्हटलं, घे बाबा."

बिबट्याने अंग आवळलं...

आणि तो थांबला.

त्याची नजर वर गेली. मावशीच्या डोक्याच्याही वर... तिच्या मागे.

त्याचे कान पडले. मार खाल्लेल्या मांजरासारखा आवाज काढत तो मागे मागे सरकला आणि कुंपणावरून पसार झाला.

मावशीने वळून पाहिलं.

स्वयंपाकघराचं उघडं दार. बाकी कोणी नाही.

आठवडाभर बिबट्या वस्तीत फिरत होता, म्हणून वनखात्याने तिच्या अंगणात कॅमेरा लावला होता. समोर काही हललं की आपोआप फोटो निघायचा. संध्याकाळी वनरक्षक आला. दोघांनी ओट्याजवळ उभं राहून त्याच्या फोनवर फोटो पाहिले.

मावशी आणि बिबट्या.

बिबट्या वर बघताना.

मावशी आत जाऊन दार लावताना.

आणि सात सेकंदांनी... दार सताड उघडं. दारात कोणीच नाही.

पुढच्या फोटोत दार पुन्हा बंद.

"काकू, तुम्ही परत बाहेर आला होतात?"

"नाही. मी अंघोळीला गेले."

मावशीने पहिल्यांदाच डोळ्यांना पदर लावला. "आमचे हे असतील," ती हळूच म्हणाली. "फार दिवस नाही झाले त्यांना जाऊन."

वनरक्षक बिबट्याचा फोटो मोठा करून बघत होता.

"उंच होते का हो ते?"

"छे. माझ्या कानाला लागायचे."

त्याने फोन तिच्यापुढे धरला. बिबट्या दाराच्या चौकटीच्याही वर बघत होता...

वनरक्षकाने कॅमेरा काढला. पाणीसुद्धा न घेता गेला.

बिबट्या पुन्हा दिसला नाही. आता त्या अंगणात मांजरही फिरकत नाही.

मावशी अजून तिथेच राहते. परवा मी विचारलं, "मावशी, भीती नाही वाटत?"

तिने मागच्या दाराकडे पाहिलं.

"नाही रे," ती म्हणाली. "वाटायला हवी ना?"