सात दगडांखालचं रडणं

"दादा, पेटी घे आन् आत्ताच्या आत्ता चल. झुंबरमावशीला आज वेशीभाईर काढत्यात!"

मालनबाई केडगावच्या पल्याडच्या वस्तीवरनं नगरपतुर पायी आली हुती. आसाराम तिचा थोरला भाऊ. लढाईत पलटणीच्या टेलिफोनची पुरलेली तार ह्याच पेटीनं हुडकायचा. आता लढाई सरली, पन पोटाला तोच धंदा.

"मावशीनं केलं काय?"

"तिनं न्हाई. तिच्या लंकानं."

मावशीची लेक लंका वरल्या विहिरीत पडून मेली त्याला वरीस झालं हुतं.

"वरल्या विहिरीचं पानी नळानं हौदात येतं ना, ते निम्म्यावर आलंय. आन् भरदुपारी माळाखालनं बाई रडती. म्याबी ऐकलंय, दादा. पाटील म्हनतो, लंका पानी पिती. माय गेली की लेकबी जाईल."

आसारामनं पेटी सायकलला बांधली.

वरल्या विहिरीवर सारी वस्ती जमली हुती. म्होरं आप्पासाहेब पाटील. रोज दुपारी नळाची चावी खोलनारा गहिनीनाथ आत्ताच ती खोलून हात जोडून हुबा.

"ही काय भुताची पेटी?" पाटलानं इचारलं.

"ही नुस्ती भुणभुणती. हा चिमटा नळाला, ही सळई वल्या जमिनीत. भुणभुण लोखंडातनं पळती. काठीच्या टोकाचं हे तारंचं वेटोळं वरनं फिरवलं, की माझ्या कानात वाजतं."

"आन् भूत?"

"भुताला चिमटा लागत न्हाई, आप्पासाहेब."

कोनी हसलं न्हाई.

कानाला डबड्या लावून आसाराम निघाला. भुणभुण पायाखालनं सरळ चालली हुती. माळाच्या मधोमध शेंदूर फासलेलं सात दगड आलं. साती आसरा, पान्यातल्या देवी. तिथं आवाज मेला. नख लावल्यावानी तुटला.

त्यानं डबड्या काढल्या. आन् जमिनीतनं हुंदका आला. लांब, ओला, बाईमानसाचा. आसारामच्या मानेवर काटा हुबा ऱ्हायला. मागची मानसं पांगली.

झुंबरबाई तेवढी दगडापाशी बसलेली. मातीवर हात फिरवत म्हनली, "हाय गं माय, हितंच हाय मी."

आसाराम हौदाकडं गेला. नळाच्या त्या टोकाला चिमटा लावला, सळई ठोकली, आन् उलटा चालत आला. दगडांच्या ह्या अंगालाबी आवाज मेला. मधलं धा हात मुकं.

"धा हातात लोखंडच न्हाई. खंदा."

"आसरा हायत तिथं!" गहिनीनाथ आडवा पडला. "कुदळ मारंल त्याचं घर बुडंल!"

"कुनी मांडल्या?"

"म्या. सपनात आल्या हुत्या."

"कवा?"

"दिवाळीला."

"पाटील, पानी कवा घटलं?"

"दिवाळीपासनंच की."

"हितं झरा, डबकं हुतं कदी?"

"ह्या माळावर? चिमनीची चोच भिजंल एवढंबी न्हाई."

आसारामनं गहिनीनाथाकडं पायलं. "तुझी विहीर कुठं?"

"खाली, वढ्याकडं. कोरडी हुती. आसरांनी किरपा केली."

समदी खाली वढ्याकडं गेली. वैशाखाच्या उन्हात गहिनीनाथाची लिंबोनीची बाग हिरवीगार हुती. विहिरीत वाकून आसारामनं कपारीतला येल बाजूला सारला. आत खापरी नळाचं तोंड, पान्याची धार सांडत.

झोळीतनं त्यानं लांब लवचिक तार काढली, खापरात हात-हात करत सारली आन् शेपटाला चिमटा लावला. वेटोळं फिरलं. भुणभुण उठली. वढ्यावरनं चढली, माळावरनं गेली. सारी वस्ती तिच्या मागोमाग चालली. सात दगडापाशी येऊन ती थांबली.

"ऐका," आसाराम म्हनला. "दिवाळीत धा हात लोखंड काढून हितं खापर बसवलं. त्यालाच गहिनीनाथाच्या विहिरीकडं जानारा हा फाटा. खापरात भुणभुण पळत न्हाई, म्हून पेटी मुकी झाली. आत तार सारली तवा बोलली. दुपारी गहिनीनाथ चावी खोलतो, पानी येतं, खापराच्या सांध्यात वारं आडकतं. तेच रडतं."

"मग संशय कसा आला?" पाटील म्हनला.

"आसरा पान्याच्या कडंला बसत्यात. कोरड्या माळावर कोन बसवतं? खाली पानी हाय हे ज्याला ठावं, त्योच."

गहिनीनाथ मटकन खाली बसला. "खनू नये म्हून न्हाई मांडल्या. भ्या वाटलं. आसरांना न इचारता पानी कसं वळवू?"

"आन् लंकाचं नाव?"

"ते मानसंच म्हनाय लागली. म्या... नको म्हनलो न्हाई."

पाटलानं मान खाली घातली. "झुंबरबाई, चुकलो. कोन काढतंय तुमाला बघतो."

चावी बंद झाली. माळ गप झाला.

झुंबरबाई मातीला कान लावून लई येळ पडून ऱ्हायली.

"लंका न्हवती व्हय रं?"

"न्हाई मावशी. पानी हुतं."

"सा म्हैनं रोज दुपारी निजवत हुते तिला." ती उठली, पदर झटकला. "गावात ऱ्हाते, बाबा. पन आता दुपारी जाऊ कुठं?"