सहा दहाचा पाहुणा

जिन्यात धडक झाली तेव्हा ती रिकामी किटली घेऊन खाली पाणी भरायला निघाली होती, आणि तो दोन-दोन पायऱ्या गाळत वर येत होता. किटली रिकामी होती म्हणून बरं, नाहीतर गोष्ट तिथेच भाजून संपली असती.

"डोळे जागेवर आहेत का?" ती म्हणाली.

"आहेत. आमच्या घरात डोळे असलेला मी एकटाच, म्हणून जपून वापरतो." ओल्या छत्रीखालून त्याने एक जाड कागद काढून तिच्यापुढे धरला. "हा प्रताप कोणाचा, ते विचारायला आलोय. वर कोणी बाई बसतात म्हणे... फार कडक आहेत..."

"मीच ती."

तो एक पायरी खाली उतरला. पण कागद काही खाली घेतला नाही, हे तिने पाहून ठेवलं.

कागदावर वरच्या कडेला ठिपक्यांची एक ओळ उठलेली होती, तारखेची. बाकी सगळा कोरा. त्याचे वडील जन्मापासून आंधळे. बापलेक मिळून रोज सकाळी एक लेख ब्रेलमध्ये छापायचे आणि त्रेसष्ट घरी पोचवायचे. मशीन मुलाचं, तपासणी बापाच्या बोटांची. आज त्रेसष्ट घरांना नुसती तारीख छापून आली होती.

आता ही कडक बाई काय करायची? मासिकं चालवायचं एक सॉफ्टवेअर सांभाळायची. कोणीही फुकट घ्यावं, आत डोकावावं, हवं तर दुरुस्त करावं, असं सगळ्यांच्या मालकीचं. जगभरची छोटी मासिकं त्यावर निघत. वाचणारी माणसं पुढून येत, आणि दुसरे प्रोग्राम मागच्या दाराने येऊन म्हणत, आजचा लेख द्या. या मागच्या दाराला एपीआय म्हणतात. जुनं दार पहिल्या आवृत्तीचं. तिने दोन वर्षं खपून दुसरं बांधलं होतं, आणि महिनाअखेरीला जुनं कायमचं बंद व्हायचं होतं. त्याची तालीम म्हणून आज सकाळी सहा ते सात तिने कडी लावून पाहिली होती. कोण ओरडतं ते कळावं म्हणून! ओरडणारा समोर उभा होता.

"वर्षभर सांगतेय," ती म्हणाली. "प्रत्येक उत्तराच्या डोक्यावर चिठ्ठी लावतेय, की हे दार बंद होणार आहे, नव्याकडे या."

"ती चिठ्ठी माझ्या प्रोग्रामला मिळाली. आणि त्याला चिठ्ठ्या वाचायला कोणी शिकवलंच नाही."

तिच्या कपाळाला आठी पडली. "थांबा... तुम्ही रोज सकाळी सहा दहाला येता?"

"मी नाही, माझा प्रोग्राम—"

"तेच ते. नाव न सांगता येता!"

तीन वर्षं ती त्याला ओळखत होती. दारावरच्या नोंदवहीत रोज एक ओळ. सहा वाजून दहा मिनिटं, एक लेख, नावाची जागा कोरी. बाकीचे पाहुणे वेळी-अवेळी येऊन दार बडवायचे. हा एकच, रोजच्या वेळेला यायचा, मागायचं तेवढंच मागायचा आणि निघून जायचा. तिच्या मनाने त्याला केव्हाच एक गुण जास्त देऊन ठेवला होता. तो आता छत्रीचं पाणी जिन्यात ठिबकवत उभा होता, आणि चेहराही बरा निघाला होता.

ती त्याला वर घेऊन आली. दोन खोल्या, तीन टेबलं, आणि तिच्या हाताखाली काम करणारे दोन सहकारी. तोंडावर तिला ताई म्हणायचे, पाठीमागे मास्तरीण.

"एक करा," तो खुर्चीत टेकत म्हणाला, "जुनं दार उघडंच ठेवा. एकट्या माझ्यासाठी. मी कोणाला त्रास देत नाही."

"नाही."

"विचार तरी करायचा होतात!"

"दोन वर्षं केलाय."

"अहो, माझ्या कागदावर आजवर एक ठिपका चुकलेला नाही! चालतं ते मोडायचं कशाला?"

तेव्हा तिने नोंदवहीतून काढून त्याच्यापुढे एक यादी ठेवली. जुन्या दाराला एका लेखाला एकच लेखक ठाऊक. दोघी बहिणींनी मिळून लिहिलं, तर मोठीचं नाव बाहेर जायचं आणि धाकटीचं दारातच गळायचं. "त्या धाकटीचं पत्र आलं होतं मला. त्या दिवशी ठरवलं, नवं दार बांधायचं. तुम्ही छापलेल्यांपैकी असे लेख दोनशे सतरा आहेत."

त्याने यादी खालपर्यंत वाचली. परत वरून वाचली. कानापर्यंत लाल झाला.

"माझ्या अण्णांनी हे सगळे बोटांनी तपासलेत," तो हळू म्हणाला. "जे छापलंच नाही, ते बोटांना कुठून लागणार..." मग मान वर केली. "बंद करा. पण तोवर मला नव्या दाराने यायला शिकवा. नाहीतर त्रेसष्ट घरी कोरे कागद जातील, आणि अण्णा घरात बसून राहतील."

चुकीवर पांघरूण घालणारे तिने पुष्कळ पाहिले होते. हा पहिलाच, जो पांघरूण काढून घडी घालत होता.

हाताशी वीस दिवस होते. तो रोज दुपारी यायचा. प्रोग्राम म्हणजे गोधडी होती नुसती, ठिगळावर ठिगळ. तरी तिला त्यात एक टाका उगाच घातलेला सापडला नाही. ती शिकवायची, तो चुकायचा, ती बोलायची.

"इतकं रागावता, घसा दुखत नाही?"

"सवय आहे."

"मला लागत चाललीय..." तो म्हणाला. आणि पलीकडच्या टेबलावर कोणाला तरी खोकला आला.

एकदा त्याने तिचं बोट धरून कागदावर टेकवलं. "हा लेखक... आणि हा दुसरा लेखक. आता दोघं शेजारी बसतात." ठिपके बारीक, खरखरीत. बोट उचलायला तिला जरा उशीर झाला. त्यानेही सोडायला उशीर केला. दोनशे सतरा गळालेल्या नावांचं त्याने वेगळं पत्रक छापलं, त्रेसष्ट घरी माफीच्या ओळीसकट स्वतः वाटलं, आणि तिला सांगितलंसुद्धा नाही. तिला कळलं ते त्या धाकट्या बहिणीच्या दुसऱ्या पत्रातून; तिच्यापर्यंत एका वाचकाने बातमी पोचवली होती. त्या दिवशी मास्तरणीने कोणालाच रागावलं नाही. सहकाऱ्यांना वाटलं, ताप आलाय.

"एक नवीन केलंय," शेवटच्या दुपारी तो म्हणाला. "यापुढे उत्तराबरोबर चिठ्ठी आली, तर मशीन आधी चिठ्ठी छापेल. अगदी वर. तुमचं बोलणं पुन्हा वाया जाणार नाही."

"आणि नाव? रीत आहे, दारात येणाऱ्याने नाव सांगायचं."

"तेही घालतो उद्या... सुचलं तर."

दुसऱ्या दिवशी ती कामावर आली, तर दोघे सहकारी नोंदवहीच्या पडद्यापुढे तोंड दाबून उभे.

"ताई, सहा दहाचा पाहुणा नव्या दाराने आला हो!"

"मग? यायचाच होता."

"नाव सांगून आलाय..."

तिने वाकून पाहिलं. इतकी वर्षं कोऱ्या राहिलेल्या जागेत लिहिलं होतं, 'मास्तरीणबाईंवर जीव जडलेला छापखानेवाला'. 

"जा, आपापली कामं करा," ती म्हणाली. पण आवाजात दम नव्हता. दुपारी बाराला तिने जुन्या दाराला कायमची कडी लावली. एवढं मोठं काम, आणि लक्ष कुठे होतं देव जाणे. त्या दुपारी तो आला नाही. उद्या सहा दहाशिवाय त्याला उत्तर मिळायचं नव्हतं, आणि फोन करून सांगेल ती बाई कसली! जो ज्या दाराने येतो, त्याला त्याच दाराने उत्तर. त्याच्या उद्याच्या उत्तराच्या डोक्यावर लावायला तिने चिठ्ठी लिहिली, पुसली, परत लिहिली. दोन वर्षांत दार बांधलं, पण चार शब्दांना संध्याकाळ लागली.

सकाळी सातला ती त्यांच्या गल्लीत पोचली. छापखान्याचं दार उघडंच होतं. तो मशीनपाशी उभा, केस विसकटलेले, रात्रभर जागल्यासारखा. खुर्चीत अण्णा, मांडीवर ताजा कागद, बोटं पहिल्याच ओळीवर.

"चप्पल काढायच्या आधी थबकणारी," अण्णा म्हणाले, "हिनेच आमचं मशीन बंद पाडलं होतं ना?"

"हो," तिचा आवाज कधी नव्हे तो बारीक निघाला.

"वर चिठ्ठी आलीय. 'येतेय. चहा टाकून ठेवा.' हा गाढव म्हणतो, छपाईत चूक असेल, खरं असणार नाही. मी तीनदा तपासलं." त्यांनी कागद तिच्या दिशेने धरला. "एक ठिपका चुकलेला नाही. ये, बाळ, आत ये. आणि तू रे, बघत काय बसलास? चहा टाक!"