अंधाऱ्या विवरातला दिवा

चंद्राच्या दक्षिण ध्रुवावर, एका खोल विवराच्या काठावरच्या तळात रेवती धामणकर पडद्यावरचा हिरवा ठिपका न्याहाळत होती. ठिपका होता खाली अडकलेल्या गाडीच्या लेसर दिव्याचा. त्या विवरात ऊन कधीच पोचत नसे. गाडीत भूवैज्ञानिक अन्वर मुजावर एकटाच होता. दरड कोसळून गाडीची वीजवाहिनी तुटली होती आणि तिच्याबरोबर रेडिओ व हीटर दोन्ही बंद पडले होते. दिवा मात्र स्वतःच्या बॅटरीवर जळत होता. त्यामुळे तो दिसतोय म्हणून अन्वर जिवंत आहे, असं म्हणता येत नव्हतं.

तळप्रमुख इनामदार तिच्या शेजारी येऊन बसले.

“कडा अजून ढासळतोय, रेवती. आणखी दोघांना खाली पाठवायचं, तर तो जिवंत असल्याचा काहीतरी पुरावा हवा.”

रेवती भिंगतज्ज्ञ होती. थंडी-उष्णतेने न बिघडणारी ‘तापस्थिर’ भिंगं तिनेच घडवली होती. इतर गाड्यांना ती बसली होती, अन्वरची गाडी तेवढी राहिली होती.

“त्याचं भिंग जुनं आहे सर, केबिनच्या आतच बसवलेलं,” ती म्हणाली. “गारठ्यात काच एका प्रमाणात आकसते, भोवतालची नळी दुसऱ्या प्रमाणात. दोघींचा मेळ सुटला की झोत फाकतो. सकाळपासून ठिपका पसरतच चाललाय.”

“म्हणजे आतली ऊब संपत आली.”

रेवतीने मान डोलावली.

तेवढ्यात ठिपका आक्रसू लागला. पाहता पाहता तो टाचणीच्या डोक्याएवढा झाला.

“हीटर सुरू झाला का?” इनामदारांनी विचारलं.

“वीजच नाही तिथे. त्याच्याकडे फक्त उष्णपुड्या आहेत, हातमोज्यात ठेवायच्या. आणि पुडी हाताने फोडल्याशिवाय तापत नाही.” बोलता बोलता ती थबकली. “पण इतक्या लवकर कसं? तळहाताएवढ्या पुडीने अख्खी केबिन तापणार नाही.”

ठिपका पुन्हा पसरला, पुन्हा आक्रसला. रेवती उठून उभी राहिली.

“सर, पुडी भिंगावर आहे. तो ती ठेवतोय, उचलतोय, परत ठेवतोय. आपण हा ठिपका बघत असणार, हे त्याला ठाऊक आहे.”

इनामदार दाराकडे निघालेसुद्धा होते. “बचावगाडी काढा,” त्यांचा आवाज बाहेरून आला.

गाडी परत येईपर्यंत रेवती पडद्यासमोरून हलली नाही. अन्वरला वर आणलं तेव्हा त्याचे ओठ काळेनिळे पडले होते, पण तो शुद्धीवर होता. डॉक्टर त्याच्या हातांना पट्ट्या बांधत होते. दोन बोटं वाचतील की नाही, याची त्यांना खात्री नव्हती.

“ही युक्ती तुला सुचली कशी?” रेवतीने विचारलं.

“रोज जेवताना तू त्या भिंगाच्या नावाने खडे फोडतेस,” तो क्षीण आवाजात म्हणाला. “कानावर पडतंच की.”

“सगळ्या पुड्या त्यालाच लावल्यास? हातमोज्यात एकही नाही ठेवलीस?”

अन्वरने पट्ट्यांकडे पाहिलं आणि हसला.

“हात वरून दिसत नव्हते ना.”