पाद्रीसाहेबांची चूल

रेव्हरंड याकोब रणपिसे जीपमधून उतरले ते थेट आत येऊन खुर्चीवर बसले.

त्र्याहत्तरचा मे महिना. जालन्याच्या बाजारातल्या त्या अरुंद खोलीत उकाडा कोंडला होता. सर्जेराव हिवराळेनं पोलिसातली जमादारी सोडून इथं खाजगी तपासाची पाटी लावली होती. त्याचा मित्र बद्रीनाथ काळे दवाखान्यात कंपाउंडर होता, आणि सुट्टीच्या दिवशी त्याचा मुक्काम याच खोलीत असे.

"एक मुलगी गेली," पाद्रीसाहेब म्हणाले. "माझ्या केंद्रात. माझ्या चुलीवरचं खाऊन."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. जाफराबादच्या पुढं कौठवाडी नावाचं गाव. दोन वर्षं पाऊस नाही. चर्चच्या मदत संस्थेनं तिथं मुलांसाठी चूल मांडली होती. परदेशातून आलेल्या गव्हाचा सांजा आणि भुकटीचं दूध, रोज दुपारी, जातपात न विचारता. गेल्या सोमवारी जेवण झालं आणि तासाभरात बौद्धवाड्यातली पोरं ओकायला लागली, हातपाय झाडायला लागली. त्यातली बाकीची वाचली. सत्यशीलाची बेबीनंदा, सहा वर्षांची, जाफराबादला नेतानाच गेली. डॉक्टरांनी सांगितलं, कपाशीवर मारायचं औषध पोटात गेलंय.

"आणि पकडलं कुणाला?"

"कचरूला. सत्यशीलाचा सख्खा भाऊ. आदल्या दिवशी तो माझ्याशी भांडला होता."

"कशावरून?"

पाद्रीसाहेबांनी रुमालानं मान पुसली. "जास्तीच्या दुधावरून. पण तो भाचीला मारणार नाही हो. माझा जीव मला खातोय. त्याला सोडवा."

जाफराबादच्या फौजदारानं कचरूला भेटू दिलं नाही, पण पुरावा मोठ्या हौसेनं दाखवला. औषधाचा मोठा पत्र्याचा डबा. कौठवाडीच्या जमीनदार अण्णासाहेबांच्या कोठ्यातून गेला होता, आणि सापडला बौद्धवाड्याजवळच्या कोरड्या बारवेत.

"आणि हे ऐका," फौजदार म्हणाला. "आदल्या दिवशी हा कचरू वस्तीतल्या पोरांना सांगत होता, केंद्रातलं पाणी पिऊ नका म्हणून. आधीच ठाऊक होतं त्याला! चर्चची बदनामी करायची होती, दुसरं काय?"

सर्जेराव डबा फिरवून बघत होता. वरचा पत्रा छिन्नीनं गोल कापून काढला होता. कडेला दोन भोकं पाडून त्यात तारेची कडी बसवली होती, आणि तार अजून चकचकीत होती.

कौठवाडीत पोचले तेव्हा दोघांचे घसे कोरडे पडले होते. केंद्र म्हणजे गावकुसाजवळची पत्र्याची शेड. दारात झाकलेला पाण्याचा पिंप. चूल सोमवारपासून थंड होती. स्वयंपाक करणारी मालनबाई पदर सावरत पुढं आली.

"पाहुणे कोणचे म्हणायचे?"

"मी बद्रीनाथ काळे. हे सर्जेराव हिवराळे."

तिनं पिंपातून पितळी तांब्या भरून बद्रीनाथला दिला. सर्जेरावला म्हणाली, "थांबा, आणते," आणि शेडच्या मागं जाऊन ॲल्युमिनियमच्या मगात पाणी घेऊन आली. गार पाणी मागं ठेवत असेल, असं बद्रीनाथला वाटलं. सर्जेराव घटाघटा प्याला.

"सांजा कुणी वाढला, बाई?"

"मीच. एका कढईतून, एका पळीनं. सगळ्यांना सारखा. दूधबी तसंच. मीबी त्यातलंच खाल्लं."

"तुमचे मालक काय करतात?"

"अण्णासाहेबाकडं सालगडी हायेत. रखमाजी म्हणून इचारा, कुणीबी सांगंल."

शेडच्या मागं सर्जेराव बराच वेळ उकिडवा बसला. तिथं एका नव्या माठाशेजारी फुटलेल्या रांजणाच्या खापऱ्या पडल्या होत्या, ताज्या फुटीच्या. शेजारच्या सपाट दगडावर गंजाचं गोल वळं उमटलं होतं. त्याच्याभोवती मुंग्यांचा सडा आणि एक मेलेली साळुंकी.

"पाण्यासाठी तडफडून मेली असंल," बद्रीनाथ म्हणाला. "काय दिवस आलेत."

"पाणी मिळालं होतं तिला," सर्जेराव म्हणाला आणि उठला.

अण्णासाहेब ओसरीवर तक्क्याला टेकले होते. चुलीबद्दलचा राग त्यांनी लपवला नाही.

"फुकटचं खायला मिळालं की माणूस कामाला कशाला येतोय? पाद्र्याची चूल इझली पायजे, असं मी चारचौघांत म्हणलोय. पण पोरांना मारायला मी काय राक्षस हाय का?"

"डबा तुमचाच?"

"माझाच. मागल्या साली कपाशीवर मारलं होतं. रिकामा पडला होता कोठ्यात."

"कडी बसवलेली होती त्याला?"

"कडी कशाला? झाकणबंद डबा होता."

बौद्धवाड्यात सत्यशीला दारात बसली होती. पाद्रीसाहेब सोबत आले होते. त्यांना पाहून तिनं नजर फिरवली.

"कचरूनं पोरांना पाणी पिऊ नका का सांगितलं, ताई?" सर्जेरावनं विचारलं.

"सांगितलं खरं. बेबीला तर मारलंबी त्यानं त्यापायी. म्हणला, उपाशी मर पण तिथलं पाणी पिऊ नको. पण सांजा खाल्ल्यावर लेकरू पाण्याबिगर कसं राहील?"

"पण का म्हणाला तो असं?"

तिनं पाद्रीसाहेबांकडं बोट केलं. "ते साहेबाला ठावं. त्यांनाच इचारा."

"दुःखात आहे ती," पाद्रीसाहेब घाईनं म्हणाले. "चला, तिला त्रास नको."

परतताना गावातल्या दुर्गाबाईच्या घरापुढं बद्रीनाथ थबकला. उघड्या दारातून खाटेवरचं पोरगं दिसत होतं. त्याच्या पायाला राहून राहून झटका येत होता. कंपाउंडरच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"काय झालंय याला?"

"ऊन लागलंय," दुर्गाबाई दार लोटत म्हणाली. "माझ्या शिवाजीचा काय संबंध? तो तर सोमवारी जेवलाच न्हाई तिथं. उशिरा गेल्ता, कढई खरवडून झाल्ती. पिंपबी कोरडा पडल्ता. तसाच तहानलेला पळत आला."

"तहानलेला आला, की पाणी पिऊन आला?"

तिनं दार घट्ट लावून घेतलं.

"खाल्लं न्हाई तरी औषधाचेच झटके," बद्रीनाथ चालता चालता म्हणाला. "आणि हिला दवाखान्यात न्यायचं सोडून लपवायचं पडलंय. मला काही कळून न्हाई राह्यलं, सर्जेराव."

"पोराला आजच जीपमध्ये घाल आणि दवाखान्यात पाठव. बाकी उद्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी, फौजदार आल्यावर, सर्जेरावनं सगळ्यांना शेडमध्ये बसवलं. अण्णासाहेब खुर्चीवर, पाद्रीसाहेब बाकावर, मालनबाई चुलीशी. सत्यशीला दाराबाहेरच उभी राहिली.

"सगळे विष घालणारा माणूस शोधत होते," सर्जेराव म्हणाला. "पण विष सांज्यात नव्हतं. एका कढईतलं सगळ्यांनी खाल्लं, मालनबाईंनीही. दुर्गाबाईंच्या शिवाजीनं तर घासही खाल्ला नाही, तरी तो आजारी पडला. म्हणजे उरलं पाणी."

"पाणी तर सगळेच प्याले!" फौजदार म्हणाला.

"पिंपातलं प्याले त्यांना काही झालं नाही. मला काल पिंपातलं मिळालं नाही. आडनाव ऐकलं आणि बाई मागं गेल्या. बद्रीनाथला तांब्या, मला मग."

बद्रीनाथनं मान खाली घातली. त्याच्या डोळ्यांपुढं घडलं होतं, आणि त्याला ते दिसलं नव्हतं.

"या केंद्रात पाणी दोन जागी होतं. गावाला पुढं पिंप, बौद्धवाड्याला मागं रांजण. कचरू पाद्रीसाहेबांशी भांडला तो दुधावरून नाही, या रांजणावरून. तिथलं पाणी पिऊ नका, हे तो पोरांना सांगत होता ते विषापायी नाही. अपमानापायी. सोमवारी तो रांजण फुटला. खापऱ्या अजून ताज्या आहेत. पोरं जेवायला यायची वेळ, दुसरं भांडं नाही. आता फौजदारसाहेब, ज्याला विष घालायचंय तो डबा छिन्नीनं कापून त्याला कडी कशाला बसवेल? कडी लागते पाणी वाहायला. अण्णासाहेबांच्या कोठ्यात ज्याचा रोज वावर आहे त्या रखमाजीनं रिकामा डबा आणून दिला. वरवर धुतला असेल. पण ते औषध पाण्यानं सुटत नाही. दगडावरच्या गंजाच्या वळ्याभोवती मुंग्या मेल्या, पक्षी मेला. पोरं ओकायला लागली तेव्हा घाबरून डबा बारवेत फेकला. बौद्धवाड्याजवळच्या बारवेत."

मालनबाईनं तोंडावर पदर घेतला. "दोनदा राखेनं घासला व्हता, साहेब. देवाशप्पत. मला काय ठावं…"

"आणि शिवाजी?" फौजदारानं विचारलं.

"पिंप कोरडा होता. पोर तहानेनं मागं गेलं आणि त्या डब्यातलं प्यालं. म्हणून दुर्गाबाई आजार लपवत होत्या. पोरगं मेलं असतं तर चाललं असतं, पण बौद्धवाड्याचं पाणी प्यालं हे कळायला नको होतं."

अण्णासाहेब खाकरले. "मंग निकाल लागला. बाईची चूक. माझा काय संबंध?"

"चूक!" मालनबाईनं पदर काढला. तिचे डोळे लाल झाले होते. "दोन जागी पाणी मी माझ्या मनानं ठेवलं का? म्या तर पयल्या दिवशी एकच पिंप भरला व्हता. साहेबांनीच सांगितलं, मागं रांजण ठेव म्हणून!"

सगळ्यांच्या नजरा बाकाकडं वळल्या. पाद्रीसाहेबांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"पहिल्या दिवशी गावातलं एकही मूल आलं नाही," ते म्हणाले. "त्यांचीही पोरं उपाशी होती. अण्णासाहेब म्हणाले, पाणी वेगळं ठेवा, सगळी येतील. मी म्हटलं, आधी पोटं भरू देत. पाण्याचं नंतर बघू." त्यांनी सत्यशीलाकडं पाहिलं. "मला वाटलं नव्हतं की…"

"तुम्ही कचरूला सोडवायला मला बोलावलं," सर्जेराव म्हणाला, "आणि भांडणाचं कारण मात्र मला खोटं सांगितलंत. ते खरं सांगितलं असतंत तर पहिल्याच दिवशी तो सुटला असता."

दारातून सत्यशीला बोलली. ओरडून नाही, अगदी हळू.

"साहेब, तुमचा आजा आमच्यातलाच व्हता ना? त्यानं कशापायी धरम बदलला व्हता?"

पाद्रीसाहेब उठले आणि पुन्हा बाकावर बसले.

फौजदारानं कागद केले. मालनबाई आणि रखमाजीला जीपमध्ये बसवलं, निष्काळजीपणाचा गुन्हा. पाणी वेगळं ठेवा असं सांगणाऱ्यांवर कोणतं कलम लावायचं ते वरून विचारून सांगतो, असं तो अण्णासाहेबांशी अदबीनं बोलताना बद्रीनाथनं ऐकलं. कचरू संध्याकाळी सुटून येणार होता.

शेड रिकामी झाली. पाद्रीसाहेब बाहेर आले आणि सत्यशीलासमोर उभे राहिले. "मी संस्थेला सगळं लिहून कळवतो. राजीनामा देतो. हे केंद्र बंद करतो."

सत्यशीलानं त्यांच्याकडं पाहिलं. बद्रीनाथला वाटलं, ती थुंकेल, नाहीतर शिव्या देईल. तिनं यातलं काही केलं नाही.

"बंद करू नका," ती म्हणाली. "उद्या चूल पेटवा. मला अजून एक हाय, अन् ते काल सकाळपासून उपाशी हाय."